निरोग्यांचा गुरुवार

सोमवार, ५ जानेवारी

शाळेतल्या बाई आज गेल्या. वय चोपन्न. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, आणि कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. घरी आल्यावर चैन पडेना म्हणून परत दवाखान्यात जाऊन त्यांचं कार्ड काढलं. अकरा वर्षांचं कार्ड. सर्दी, पित्त, सर्दी, टाच दुखते, पित्त, गुडघा. अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की बाई, तुमची ती तपासणी कधी झाली आहे का. पाच मिनिटांचं काम, तेही काही वर्षांतून एकदा. त्या सर्दी घेऊन आल्या, मी सर्दी बघितली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यांचे यजमान हात जोडून म्हणाले, "तुम्ही खूप केलंत, डॉक्टर." मी खाली बघितलं.

बुधवार, ७ जानेवारी

ठरवलं. दर गुरुवारी दवाखान्यात आजारी माणसाला प्रवेश नाही. त्या दिवशी फक्त धडधाकट लोक: कोणाचं रक्तदाब-साखर बघायचं राहिलंय, कोणाची छातीची तपासणी, कोणाच्या बाळाचा डोस चुकलाय. सिस्टरला सांगितलं. ती चार वर्षं माझ्याकडे आहे, तिशीची, शिस्तीला अगदी करवतीसारखी. तिनं विचारलं, "आणि एखादा खोकत आला तर?"

"दारातूनच परत. तान्ही मुलं असणार, त्यांच्यात खोकणारा नको."

"कोणीही असला तरी?"

"कोणीही."

तिनं पाटी रंगवून आणली. 'आज निरोग्यांचा दिवस. ताप, खोकला, पुरळ असल्यास कृपया उद्या या.' त्रेसष्टाव्या वर्षी नवा धंदा काढल्यासारखं वाटतंय. घरी बायकोला सांगितलं, तर ही म्हणाली, "वरातीमागून घोडं, पण निघालं हे बरं झालं."

गुरुवार, १५ जानेवारी

पहिला गुरुवार. चार माणसं आली. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता, त्याचाही रक्तदाब सिस्टरनं मोजला. जास्त निघाला! बिचारा पत्ता विसरून बसून राहिला. एक आजोबा म्हणाले, "काही होत नसताना डॉक्टरकडे यायचं म्हणजे विंचवाचं बीळ दिसलं की बोट घालून बघायचं." हसलो, पण त्यांची साखर तपासूनच सोडलं.

सिस्टरनं भिंतीवर तक्ता लावलाय. कोणत्या वयात कोणती लस, कोणत्या वयात कोणती तपासणी. लोक आपलं वय शोधतात आणि बोट ठेवून वाचतात.

शुक्रवार, २३ जानेवारी

लेकीला नोकरी लागली. सहा महिने ती आमच्याकडेच आहे, जावई परगावी. आता मुंगीला बालवाडीत घालायचं. मुंगी म्हणजे आमची नात, चार वर्षांची. सगळीकडे चढते आणि सगळं तोंडात घालते, म्हणून मुंगी. बालवाडीला लसीकरणाचं कार्ड हवं, निदान गोवराचे दोन डोस झालेले. मुंगीच्या कार्डावर पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी आहेत, पुढे कोरं. तेव्हा तिला सुईनंतर ताप चढला आणि झटका आला. अर्ध्या मिनिटाचा होता, पण लेकीनं तो एकटीनं पाहिला. त्यानंतर तिनं सुई लावू दिली नाही. मी दर वाढदिवसाला विषय काढला आणि दर वाढदिवशी घरात रडारड झाली. घरात शांतता राहावी म्हणून मी मग काढणंच सोडलं.

आज पुन्हा समजावलं. तापामुळे आलेला झटका होता, पुढे धोका नाही, मी स्वतः शेजारी बसेन. ती म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे सगळं. मला फक्त थोडा वेळ द्या. मंगळवारी कार्ड दिलं नाही तर बालवाडीतली जागा जाईल हो."

सही केली. गोवराचे दोन्ही डोस 'दिले' असं लिहिलं. दवाखान्याच्या वहीतही तशी नोंद ओढली, म्हणजे ताळमेळ राहील. मेपर्यंत तिचं मन वळवतोच, मग खरोखरच देऊन टाकू. तारखेचाच काय तो फरक.

गुरुवार, २९ जानेवारी

एकोणीस जण! इस्त्रीवाल्या बाईंच्या छातीत बारीक गाठ लागली. पुढे पाठवलं आहे. त्यांना काही दुखत नव्हतं, शेजारीण आली म्हणून आल्या होत्या. दिवसभर मन हलकं होतं.

संध्याकाळी सिस्टर वही घेऊन आली. "सर, मुंगीच्या नोंदीपुढे बॅच नंबर राहिलाय."

"लिहितो."

"मी लिहू का? कोणत्या कुपीतून दिली?"

"ठेव, मी लिहितो." ती ठेवून गेली. फार काटेकोर आहे पोरगी. कधी कधी जाच होतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

समोरच्या कुलूपवाल्याला फोन केला. त्याची मुलगी सात महिन्यांची, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. तिसरा डोस चुकलाय. तो म्हणाला, "आई म्हणते, थंडी आहे, थोडं थांबू."

मी म्हटलं, "अहो, गुरुवारी आणा. त्या दिवशी माझ्याकडे एकही आजारी माणूस नसतो. अख्ख्या गावात याहून सुरक्षित जागा मिळायची नाही तुम्हाला."

"तुम्ही म्हणताय तर आणतो, डॉक्टर."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गर्दी. सव्वीस जण, त्यात पाच तान्ही बाळं. सकाळी अकराला लेक मुंगीला घेऊन दारात. बालवाडीनं ताप आहे म्हणून परत पाठवलं होतं, लेकीला कामावर जायचं होतं, ही बहिणीकडे गेलेली. मुंगीचे डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला. सिस्टर पाटीकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "घरचंच पोर आहे, कोपऱ्यात बसेल तासभर." साधी सर्दी. बालवाडीत गेलं की पहिले सहा महिने हेच.

कोपऱ्यात कसली बसते! कुलूपवाल्याच्या मुलीशी तिची गट्टी जमली. ओढणीमागे तोंड लपवायचं आणि भॉक करायचं. बाळ खदाखदा हसत होतं. त्या हसण्यानं सगळा दवाखाना हसला. मग बाळाचं वजन, सुई. रडलीसुद्धा थोडीच. कुलूपवाला जाताना म्हणाला, "उगाच घाबरत होतो."

शनिवार, १४ फेब्रुवारी

मुंगीच्या कानामागे आणि कपाळावर पुरळ. ताप एकशे तीन. काल मी तिला अँटिबायोटिक सुरू केलं होतं, त्याचीच रिॲक्शन. काहींना येते. औषध बंद केलं. तोंडात बघायचं होतं, पण बॅटरी मंद आणि ती तोंड उघडेना.

ही म्हणाली, "अहो, आमच्या लहानपणी याला गोवर म्हणायचे."

"तुमच्या लहानपणी सगळ्यालाच गोवर म्हणायचे," मी म्हटलं. ती गप्प बसली.

रविवार, १५ फेब्रुवारी

पुरळ छातीवर उतरली. वरून खाली. मुंगी झोपूनच आहे.

मागच्या दाराची कडी तुटली होती, तर कुलूपवाला आपणहून आला. वीस मिनिटं काम करत होता. मी शेजारी उभा होतो. "बाळ बरं आहे ना?" विचारलं.

"मस्त आहे. सुईचा तापसुद्धा आला नाही." मग म्हणाला, "आत कोण रडतंय? नात का?"

"सर्दी झाली आहे."

तो गेल्यावर मी थोडा वेळ दारातच उभा होतो. उगाच. कपाटातलं पुस्तक काढलं आणि न उघडता परत ठेवलं. औषधाची पुरळ आहे ही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आरोग्य खात्याचं परिपत्रक आलं. गावात गोवराचा एक पेशंट सापडलाय. सिस्टरनं मोठ्यानं वाचून दाखवलं: संपर्कात आलेल्या सहा महिन्यांवरील बाळांना तीन दिवसांत लस, ते जमलं नाही तर सहा दिवसांत रुग्णालयात नेऊन तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडीजचं, इंजेक्शन. रोगी उठून गेला तरी खोलीच्या हवेत विषाणू दोन तास राहतो.

"सर, मुंगी कशी आहे?"

"बरी आहे."

"पुरळ वगैरे?"

"औषधाची."

तिनं परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्यावर कार्डांचा गठ्ठा ठेवला. पाच बाळं होती त्या दिवशी. पाच घरांत फोन करून काय सांगायचं, माझ्या नातीला औषधाची पुरळ उठली आहे? उगाच घबराट. आणि मग कार्डावरून विचारणा. लेकीचं नाव, बालवाडी, माझी सही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

मुंगीचा ताप उतरला. खायला मागितलं. पुरळ तपकिरी पडत चालली आहे. औषधाची पुरळ अशी तपकिरी पडत नाही, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

आज सहावा दिवस होता. दुपारी दोनदा फोन उचलला. एकदा लागलासुद्धा. पलीकडून कुलूपवाल्याची आई "कोण? कोण?" करत होती. मी ठेवला.

प्रत्येकाला होतोच असं नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

कुलूपवाला आणि त्याची बायको बाळाला घेऊन आले. दोन दिवस ताप, डोळे चिकटलेले, दूध घेत नाही.  या वेळी नवी बॅटरी होती. गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके.

"गोवर दिसतोय. मोठ्या रुग्णालयात न्या, आत्ताच. चिठ्ठी देतो."

"पण लस दिली होती ना परवा?" बाळाची आई म्हणाली.

"ती वेगळी. गोवराची नवव्या महिन्यात असते."

कुलूपवाला बायकोकडे वळला. "सांगत होतो, बहिणीकडे नेऊ नकोस. दहा पोरं त्या घरात."  ती बाळाचं टोपरं नीट करत राहिली. मी खाली मान घालून चिठ्ठी लिहिली.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

खात्याच्या अधिकारी बाई आल्या होत्या. हुशार, थकलेल्या. दोन बाळं आणखी सापडली आहेत, दोन्ही माझ्या गुरुवारची, पण त्यांना सौम्य आहे. बाई म्हणाल्या, "पहिला पेशंट बालवाडीतला मुलगा. पण तो या बाळांच्या जवळपासही आला नाही. मधला दुवा सापडत नाहीये. त्या बालवाडीतलं कोणी तुमच्याकडे आलं होतं का त्या गुरुवारी?"

वही त्यांच्यासमोर होती. त्यांनी बोट फिरवत नेलं. मुंगीच्या ओळीवर थांबलं. "ही तुमची नात? तिथेच जाते?"

"हो."

"दोन्ही डोस झालेत. मग प्रश्न नाही." बोट पुढे गेलं.

मग मी म्हणालो, आणि हे मी इथे शब्दन् शब्द लिहून ठेवतो: "बाळाला मावशीकडे नेलं होतं म्हणे. तिथे बरीच मुलं असतात." त्यांनी ते लिहून घेतलं.

सिस्टर कपाटाशी पाठमोरी उभी होती. सुया मोजत होती. मोजून झाल्या तरी वळली नाही.

मंगळवार, ३ मार्च

कुलूपवाल्याची मुलगी सकाळी साडेनऊला गेली. न्यूमोनिया. सात महिने चोवीस दिवस.

गुरुवार, ५ मार्च

आज रांग फाटकाबाहेर होती. एकशे दहा माणसं. ज्यांना मी वर्षानुवर्षं सांगून थकलो ते मुलांना कडेवर घेऊन उभे. पहिल्या गुरुवारी पत्ता विचारायला आलेला गृहस्थ सगळ्यांना ऐकवत होता, "डॉक्टर जानेवारीपासून सांगतायत. आपणच ऐकत नाही." एका आजीनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला.

समोरचं दुकान बंद आहे.

सगळे गेल्यावर सिस्टरनं दार लावलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसली. चार वर्षांत ती माझ्यासमोर कधी बसली नव्हती.

"सर, आज मी फ्रीजमधल्या कुप्या मोजल्या. एका कुपीत एक डोस. वहीप्रमाणे दोन कमी असायला हव्यात. नाहीयेत."

मी वही पुढे ओढली.

"बॅच नंबर तुम्ही लिहिलात. त्या बॅचच्या सगळ्या कुप्या आत आहेत."

"तू काय करणार आहेस?"

"मी त्या दिवशी तिला दारातून परत पाठवायला हवं होतं. पाटी मी रंगवली होती." तिनं दारावरच्या पाटीकडे बघितलं. "तुम्ही 'कोणीही' म्हणाला होतात, सर. तुमच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले. आता बसणार नाही. सोमवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मंगळवारी मी जाईन."

तिच्यावर राग आला, हे लिहायला हवं. आधी राग आला. मग बाकीचं.

शनिवार, ७ मार्च

लेकीला सांगितलं. ती मुंगीचे केस विंचरत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त फार सावकाश चालू राहिला. मुंगी मध्येच म्हणाली, "आजोबा, ते हसणारं बाळ कधी येणार?" लेक उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

बाहेर आली ती पांढरीफटक. "तुम्ही मला जबरदस्ती का नाही केलीत, बाबा? तुम्ही डॉक्टर आहात ना? मी घाबरले होते. माझ्या घाबरण्यावर तुम्ही सही का केलीत?"

ही म्हणाली, "तिला बोलू द्या." मी अडवत नव्हतोच. मग हिनं स्वतःच्या हातांकडे बघत सांगितलं, "गोवर आहे हे मी ओळखलं होतं. एकदाच बोलले आणि गप्प बसले. मलाही ते औषधाचंच हवं होतं."

सोमवार, ९ मार्च

अधिकारी बाईंना पत्र नेऊन दिलं. खोटी नोंद, १२ तारखेचा संपर्क, १४ तारखेची पुरळ, १८ तारखेपर्यंतचं माझं गप्प राहणं, आणि मावशीकडच्या मुलांबद्दल मी मुद्दाम केलेली दिशाभूल. बाईंनी उभ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "परवाना जाईल, कल्पना आहे ना? पोलिसांतही जाऊ शकतं."

"हो."

"सोळा तारखेला नुसता फोन केला असतात तरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "पाचही बाळांना इंजेक्शन मिळालं असतं, डॉक्टर. पाचही."

दवाखान्याला कुलूप लावलं. वह्या आणि कार्डं सिस्टरच्या ताब्यात दिली. गुरुवारची यादी ती खात्याच्या दवाखान्यात नेणार आहे. इस्त्रीवाल्या बाईंची पुढची तारीख अठराला आहे, ती विसरू नकोस म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या लक्षात आहे." एवढंच.

बुधवार, ११ मार्च

खात्याला लिहिणं सोपं होतं. कागदाला डोळे नसतात. आज कुलूपवाल्याकडे गेलो.

दुकानामागे दोन खोल्या. त्याची आई पलंगावर, तो जमिनीवर भिंतीला टेकून, बायको मोरीपाशी भांडी घासत होती. मला बघून त्यानं खुर्ची पुढे केली. "बसा, डॉक्टर." मी बसलो नाही.

सांगितलं. पाठ करून गेलो होतो, पण पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. जसं आठवलं तसं सांगितलं. माझी नात. तिला लस नव्हती. मी खोटं लिहिलं. तिला त्या दिवशी मीच आत बसवलं.

कुलूपवाला ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी पुरळ आली. रविवारी कळलं होतं. कबूल केलं नाही."

"रविवारी मी तुमच्या घरी होतो."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर?"

"तेव्हा लस देता आली असती. त्यानंतरही तीन दिवस इंजेक्शन होतं. वाचण्याची शक्यता खूप होती."

तो उठला. मला वाटलं, मारणार. मारायला हवं होतं. पण तो दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्याची आई पलंगावरून म्हणत राहिली, "काय म्हणतायत ते? मला ऐकू येईना. काय झालं?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. त्याची बायको हात न पुसताच पुढे आली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज नीट ऐकलाच नव्हता.

"म्हणजे माझ्या बहिणीच्या घरून नाही आला?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तिथल्या एकाही मुलाला झालेला नाही. ते मी उगाच सुचवलं."

"पंधरा दिवस या घरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही," ती म्हणाली. "मातीला नेलं तेव्हा मला हात लावू दिला नाही. तूच नेलंस, तूच मारलंस, सासूबाई म्हणाल्या. बहिणीला मी सांगितलं, दारात येऊ नकोस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." ती रडत नव्हती. "त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्याजवळ जा आणि मोठ्यानं सांगा."

मी पलंगाजवळ गेलो, त्या म्हातारीच्या कानाशी वाकलो.

"सगळं सांगा," ती मागून म्हणाली. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.